बाळंतिणीच्या दुधाची काळजी : काल आणि आज



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, विणकामाचे नमुने येतात, आणि कोणीतरी एखाद्या देवळाचा किंवा किल्ल्याचा इतिहास लिहून देते. यंदा मी अशा एका गोष्टीचा इतिहास लिहायला घेतला आहे, की तिला काही इतिहास असेल हेच आपल्या मनात येत नाही. ती गोष्ट म्हणजे बाळंतिणीच्या अंगावरचे दूध, आणि ते पुरत नाही म्हणून घराघरांतून होणारी काळजी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून आणलेली पुस्तके, डॉक्टरीणबाईंना विचारलेल्या शंका आणि स्वतःची दोन बाळंतपणे एवढीच माझी शिदोरी आहे.

हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी कोणत्या घरी हे शब्द ऐकू आले नाहीत? मूल जन्मून दोन दिवस होत नाहीत तोच पाळण्याभोवती कुजबुज सुरू होते, "हिला दूधच नाही वाटते." बोलणारीच्या मनात वाईट काही नसते. परंतु ते वाक्य त्या पोरीच्या काळजात जाऊन बसते. ती रडते, मूल रडते, संध्याकाळपर्यंत कोणी तरी पावडरचा डबा घेऊन येते, आणि आपण आई म्हणून कमी पडलो हा सल तिच्या मनात वर्षानुवर्षे राहतो. ही काळजी किती जुनी आहे आणि आधीच्या लोकांनी तिचे काय केले, हे ठाऊक असले तर पुष्कळ अश्रू वाचतील, असे मला वाटते.

आपल्या वैद्यकाचा जुना ग्रंथ सुश्रुतसंहिता. त्याच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या दुधाचा विचार केलेला आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी दूध उतरते, असे तिथे सांगितले आहे. आजचे डॉक्टरही हेच सांगतात. पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर, दाट चीक. खरा पान्हा त्यानंतर येतो. पहिलटकरणीला किंवा सीझर झालेल्या बाईला आणखी एखादा दिवस लागू शकतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी "दूध नाही" असा निकाल देणे हे पेरणी केल्याच्या दुसऱ्या दिवशी कणीस शोधण्यासारखे आहे.

त्याच ग्रंथात दूध कशाने आटते तेही सांगितले आहे. राग, शोक आणि मुलाविषयी माया नसणे ही कारणे तिथे दिली आहेत. आणि उपाय सांगताना सर्वांत आधी काय सांगितले आहे? तर बाळंतिणीचे मन प्रसन्न ठेवणे. गहू, साळीचा तांदूळ, लसूण, शतावरी, भुईकोहळा या गोष्टी त्यानंतर येतात. आपण मात्र लाडवांची यादी पाठ ठेवली आणि पहिले औषध विसरलो! आज शास्त्र सांगते, की बाळ चोखू लागले म्हणजे आईच्या मेंदूतून दोन रस सुटतात. एकाने दूध तयार होते आणि दुसऱ्याने ते बाहेर येते. भीती, दुखणे आणि मनस्ताप यांनी हा दुसरा रस अडतो. दूध असूनही पान्हा सुटत नाही. तेव्हा जुन्या वैद्यांचे निरीक्षण किती बारीक होते ते पाहा.

माझ्या पहिल्या खेपेस चौथा दिवस उजाडला तरी पान्हा नव्हता. भेटीला येणारी प्रत्येक बाई आधी तेच विचारी. शेवटी माझ्या आईने खोलीचे दार लोटून घेतले, "बाळंतीण निजली आहे" असे सांगून सगळ्यांना ओसरीवरूनच चहा देऊन वाटेला लावले, आणि मुलीला माझ्या उघड्या अंगाशी देऊन म्हणाली, "रडली की घे, आणि नाही रडली तरी घे. घड्याळ बघू नकोस." सहाव्या दिवशी चोळी भिजली. आईने सुश्रुत वाचला नव्हता. तिच्या आईने तिच्यासाठी हेच केले होते.

परंतु सगळ्याच जुन्या चाली चांगल्या होत्या असे मी म्हणणार नाही. पुष्कळ घरांतून पहिला चीक वाईट म्हणून पिळून टाकीत आणि तीन दिवस मुलाला साखरेचे पाणी, मध किंवा शेळीचे दूध देत. गंमत अशी, की गाय व्याली तर खरवसासाठी तिचा चीक मिळावा म्हणून आपण दोन घरी सांगून ठेवतो, आणि आपल्या लेकराचा चीक मोरीत जातो! त्या चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्ये असतात. पहिल्या दिवशी बाळाचे पोट इवलेसे असते, एका वेळी चमचाभर चीक त्याला पुरतो. आणि मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला देऊच नये, त्यातून क्वचित गंभीर आजार होतो, असे आता डॉक्टर बजावून सांगतात.

आता खरोखरच दूध कमी असेल तेव्हा काय करीत, ते पाहू. यासाठी आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातलेच उदाहरण आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली आणि बाळाला त्यांचे दूध पुरेना, असे सांगतात. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या कापूरहोळ गावची धाराऊ ही गाडे पाटलांच्या घरातली बाई दूध-आई म्हणून आली. पुढे ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई वारल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. स्वराज्याच्या युवराजाला वाढवायला एका पाटलाच्या घरचे दूध लागले, यात कोणाला कमीपणा वाटला नाही. सईबाईंना "दूध नाही" म्हणून कोणी नावे ठेवल्याचे कुठे वाचनात येत नाही. आजारी आई होती, दुसरी बाई उभी राहिली, मूल जगले. मला वाटते, हीच या गोष्टीतली शिकवण आहे.

दूध-आई ठेवण्याची चाल फार जुनी. सुश्रुताने धात्री कशी निरोगी आणि शांत स्वभावाची असावी याचे नियम सांगितले आहेत. मेवाडच्या पन्ना दाईची कथा आपण शाळेत वाचली आहे. राजपुत्र उदयसिंहाला वाचवण्यासाठी तिने त्याच्या जागी आपला मुलगा ठेवला, आणि मारेकऱ्याने त्याला मारले. ही कथा सांगताना आपण तिच्या स्वामिनिष्ठेला हात जोडतो, पण त्या मारल्या गेलेल्या लेकराचा विचार कितीजणी करतात? दाई म्हटली की तिच्या घरी एक तान्हे मूल असणारच, त्याशिवाय तिला दूध कुठून येणार? इंग्रजी अमलात कितीतरी मडमांनी आपल्या मुलांसाठी हिंदी दाया ठेवल्या. पगार बरा मिळे, पण तिच्या स्वतःच्या मुलाला पुष्कळदा वरच्या दुधावर ठेवावे लागे. एकीचे मूल जगवताना दुसरीचे उपाशी राहत असे. प्रेमाने दिलेले दूध आणि गरजेपोटी विकलेले दूध यांत हा फरक आहे.

हाच प्रश्न पुढे मुंबईच्या गिरणगावात निराळ्या रूपाने आला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या शेकडो बाया गिरण्यांत कामाला जात. मूल घरी, आई दिवसभर साच्यावर. मूल अंगाला लागले नाही म्हणजे दूध आटत जाते, हा निसर्गाचा नियम. रडणारे मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. ही त्या बायांची क्रूरता नव्हती. खाडा झाला तर चूल पेटणार नाही, अशी स्थिती होती. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, आणि अशा तऱ्हेचा तो देशातला पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली सबंध देशासाठी कायदा झाला आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. आईच्या दुधाचा इतिहास केवळ माजघरात घडला नाही, तो गिरणीच्या फाटकावर आणि कायदेमंडळातही घडला, हे यावरून दिसते.

आता डब्याकडे वळू. १८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी हेन्री नेस्ले या गृहस्थांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांपासून बाळांसाठी एक पूड तयार केली. ज्यांना आईचे दूध मिळत नाही अशी कितीतरी मुले तेव्हा दगावत असत, त्यांच्यासाठी हा शोध होता, आणि त्याने मुले वाचलीही. आपल्याकडे ग्लॅक्सोची बाळदुधाची पावडर विकण्यासाठी १९२४ साली कंपनी स्थापन झाली. गुटगुटीत मुलाला "ग्लॅक्सो बेबी" म्हणण्याची रीत तिथूनच पडली. पुढे १९६०च्या सुमारास गुजरातेतल्या आणंदच्या सहकारी संघाने, म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेच्या मदतीने, म्हशीच्या दुधापासून देशी बाळपावडर तयार केली. परदेशी डब्यांवाचून अडू नये, हा त्यामागचा चांगला हेतू होता.

मात्र औषध म्हणून निघालेली वस्तू हळूहळू ऐटीची झाली. जाहिरातीतले गोरे, गुबगुबीत बाळ पाहून चांगले दूध असलेल्या आयाही मनात शंकू लागल्या. गरीब घरी तर डबा पुरवून वापरायचा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. ते पाणीही उकळलेले असेलच असे नाही. बाटलीची बोंडी नीट धुतली जात नसे. हगवणीने मुले जात. १९३९ साली सिंगापुरात सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी डब्यातल्या गोड दुधाने तान्ही मुले कशी मरतात यावर भाषण केले. भाषणाचे नावच त्यांनी "दूध आणि खून" अशा अर्थाचे ठेवले होते. पण जगाला जाग यायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९७७ साली अमेरिकेत बाळदूध विकणाऱ्या नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या विक्रीसाठी नियमावली मंजूर केली. बाजूने ११८ देश होते आणि विरुद्ध एकटी अमेरिका.

आपल्या देशाने १९९२ साली याचा कायदाच केला, तो १९९३च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक करण्यात आला. म्हणूनच आज बाळपावडरीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही, आणि आईचे दूधच उत्तम असे त्यावर छापावे लागते. स्तनपानासाठी झटणाऱ्या देशातल्या डॉक्टरांची आणि कार्यकर्त्यांची संस्था १९९१ साली आपल्या वर्ध्यालाच स्थापन झाली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

आणि धाराऊची परंपरा संपली असे समजू नका. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली, असे म्हणतात. ज्या आईला आपल्या बाळाला पुरून दूध उरते, ती तिथे देते. तिच्या रक्ताची तपासणी होते, दूध ठराविक उष्णतेवर निर्जंतुक करून गोठवून ठेवतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना पाजतात. इथे देणारीचे मूल उपाशी राहत नाही, कारण उरलेलेच द्यायचे असते. कोणाचे दूध कोणाला गेले हे कोणी विचारत नाही. जातपात नाही, श्रीमंत-गरीब नाही. दूध-आईच्या चालीतला अन्याय गेला आणि माया तेवढी राहिली.

आता चार उपयोगाच्या गोष्टी सांगते. दूध कमी आहे असे वाटते, त्यांतल्या बहुतेक जणींना खरे तर पुरेसे दूध येऊ शकते. दूध हे विहिरीसारखे आहे, उपसले की झरे वाहतात. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला घ्यावे, रात्रीचे पाजणे चुकवू नये. नुसते बोंड तोंडात न देता भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाईल असे धरावे. बोंडाला चिरा पडत असतील तर धरण्यात फरक करून पाहावा. वरचे दूध दिले की बाळ कमी चोखते, कमी चोखले की दूध आणखी कमी होते. हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे थांबवणे कठीण. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा वेळा किंवा अधिक लघवी करीत असेल, आणि दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून निघाले असेल, तर दूध पुरते आहे. हळीव, डिंक, मेथी, शतावरी अवश्य खावी. त्याने बाळंतिणीला ताकद येते आणि कोणी तरी आपल्यासाठी राबते आहे याचे सुख मिळते. पण त्यांनीच दूध येते असे मानून पाजणे मागे टाकू नये.

आणि काही जणींना खरोखरच दूध कमी असते. बाळंतपणात फार रक्त गेले असेल, वार नीट पडली नसेल, थायरॉईडचा विकार असेल, छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा अंगात दूध करणाऱ्या गाठीच पुरेशा वाढलेल्या नसतील, तर ती बाई कितीही लाडू खाओ, दूध पुरे पडेलच असे नाही. बाळ सुस्त झाले, लघवी कमी झाली, वजन उतरत राहिले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. त्यांनी सांगितले तर पावडरीचे दूध उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने करून, स्वच्छ बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजावे. यात कसलीही लाज नाही. डबा हा मुळात अशाच मुलांसाठी निघाला. आईपण दुधाच्या मापाने मोजत नाहीत. नाही तर सईबाईंना आपण काय म्हणणार?

हा सगळा इतिहास वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. जिथे बाळंतिणीच्या पाठीशी चार बायका उभ्या राहिल्या, तिथे दूध आले, किंवा दुसरा मार्ग निघाला. जिथे ती एकटी पडली, मग ती दाई असो, गिरणीतली कामकरीण असो वा आजच्या दोन खोल्यांच्या घरातली नोकरदार मुलगी असो, तिथे मुलाचे हाल झाले. पूर्वी हे काम सासू, जावा, नणंदा आणि सुईण करीत. आज घरे लहान झाली, माहेर लांब राहिले. ही जागा आपल्या मंडळाने भरून काढावी, अशी माझी विनंती आहे.

त्यासाठी फंड नको, सभागृह नको. आपल्या वस्तीत कोणी बाळंत झाली, की पहिले दहा दिवस पाळीपाळीने एका घरून तिचा डबा जावा. एकीने वरच्या मुलाला शाळेत पोचवावे. भेटीला गेलो तर "दूध आहे का?" न विचारता "तू जेवलीस का?" असे विचारावे. जिला दूध उरते तिला दूधपेढीची माहिती द्यावी. आणि आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई बाळंत झाली, तर तिला पगारी रजा द्यावी, कामावर आली की मूल बरोबर आणू द्यावे. गिरणीच्या बाईला १९२९ साली जे कायद्याने मिळाले, ते आपल्या मोलकरणीला अजून आपल्या मर्जीवर मिळते, हे आपण विसरू नये.

पुढच्या वर्षी याच दिवशी आपण जमू, तेव्हा वस्तीत जन्मलेली नवी बाळे आपल्या मांडीवर खेळत असोत आणि त्यांच्या आयांच्या डोळ्यांत पाणी नसो, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना. मंडळास माझ्या शुभेच्छा.